दहा जण मिळून निघाले

सामान्यकाळातील अठ्ठाविसावा रविवार (लूक १७ : ११-१९)



दहा कुष्ठरोग्यांचे शुभवर्तमान ऐकताना आपले लक्ष सहसा परत आलेल्या त्या एका शोमरोन्याकडे जाते. आपण कृतज्ञतेचा धडा घेतो आणि ते योग्यच आहे. पण आज त्याच्या आधीची एक गोष्ट पाहू या. हे दहा जण एकत्र कसे आले? यहुदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्यातले पाणीही पीत नसत. तरी या दहांमध्ये एक शोमरोनी आहे आणि बाकीच्यांनी त्याला हाकलून दिलेले नाही. आजाराने त्या सर्वांना गावकुसाबाहेर काढले आणि गावकुसाबाहेर गेल्यावर आपला-परका हा भेद उरला नाही. एकाच दुखण्याने त्यांचा एक गट झाला. त्यांनी प्रभूला हाक मारली तीही मिळून, एका आवाजात.

आज आपल्यातही एक आजार असा आहे, की ज्याला तो होतो तो घरात राहूनही गावकुसाबाहेर जातो. तो आजार दारूचा. आपण त्याला पेताड म्हणतो, बेवडा म्हणतो, लग्नात त्याची खुर्ची टाळतो आणि त्याच लग्नात त्याच्या हातात ग्लासही देतो. आपल्या शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत आणि त्यांवर अनेक घरांच्या चुली पेटतात. दारू कितीतरी घरांच्या चुली विझवते, हेही तितकेच खरे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीचे ‘एम्स’ यांचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले सुमारे २ कोटी ९० लाख तिच्या पूर्ण आधीन झालेले आहेत. अशा ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात, असेही त्यात म्हटले आहे. हा ३८ आकडा वाचला की बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला तो माणूस आठवतो. प्रभूने त्याला बरे व्हायची इच्छा आहे का, असे विचारले, तेव्हा त्याने आपले दुखणे सांगितले नाही. त्याने सांगितले, की मला पाण्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही.

माणूस नाही, हेच खरे दुखणे. म्हणून आजचा विषय हा, की ज्याला दारू सोडायची आहे त्याने आपली माणसे कुठे शोधावीत, आणि ती आपलीच आहेत हे कसे ओळखावे.

शपथ का मोडते?

आपल्याकडे दारू सोडण्याचा पहिला उपाय म्हणजे शपथ. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, क्रुसावर हात ठेवून, पवित्र मातेच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावून शपथ घेतली जाते. पगाराच्या दिवशी ती मोडते. मग बायको म्हणते, यांना देवाचीही भीती नाही. शपथ घेतानाचे त्याचे अश्रू मात्र खोटे नसतात. मग चुकते कुठे?

संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मचरित्रात अलिपियस या मित्राची हकिगत सांगितली आहे. त्याला रोममधील रक्तरंजित झुंजींच्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले तेव्हा तो म्हणाला, माझे शरीर न्याल, पण मी डोळे मिटून बसेन. तो डोळे मिटून बसला. इतक्यात गर्दीतून मोठा आरोळा उठला, त्याने डोळे उघडले आणि त्याच क्षणी तो त्या खेळाचा गुलाम झाला. अगस्तीन सांगतात, की तो दुबळा होता तो अशासाठी, की जिथे देवावर भिस्त ठेवायची तिथे त्याने स्वतःवर ठेवली. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून तो पडला असे आपण म्हणतो. अगस्तीन म्हणतात, तो एकटाच उभा राहायला गेला म्हणून पडला. पुढे तोच अलिपियस अगस्तीन यांच्या परिवर्तनाच्या घडीला बागेत त्यांच्याजवळ होता. दोघांनी मिळून बाप्तिस्मा घेतला. एकटेपणी जो पडला, तो सोबतीने उभा राहिला.

आपल्या मराठवाड्यात एक म्हणणे आहे, की पंढरीची माळ घातली की दारू सुटते. आपले अनेक हिंदू शेजारी असे सुटलेले आपण पाहतो. माळेतील श्रद्धा तर आहेच. पण माळ घातलेला माणूस दिंडीत चालतो, भजनाला बसतो, आणि गावातला दुसरा माळकरी त्याच्याकडे लक्ष ठेवून असतो. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा त्या वाटेवर कोणी एकटा चालत नाही. माळ गळ्यात असते आणि दिंडी आजूबाजूला असते. शपथ ही माळेसारखी आहे. तिला दिंडी मिळाली नाही तर ती एका संध्याकाळच्या एकटेपणाने तुटते.

अॅक्रनमधील दोन माणसे

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा एक व्यावसायिक हॉटेलात अडकून पडला होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. व्यवहार फसला होता आणि हॉटेलातील बारमधून हसण्याचे आवाज येत होते. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला आणि तिथल्या चर्चच्या यादीतून एका पाळकांना त्याने फोन लावला. त्याला बोलायला एक दारुडा हवा होता! अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. त्यांना आजवर अनेकांनी उपदेश केला होता. स्वतःचे दुखणे सांगणारा हा पहिलाच भेटला. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतल्याचा दिवस मानला जातो आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन. भारतात ए.ए.चे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले.

यात एक मर्म आहे. बिल त्या डॉक्टरांवर उपकार करायला गेला नव्हता. स्वतः पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला दुसऱ्याची गरज होती. ज्याला मदत करायची तोच आपला आधार होतो, असा हा हिशेब आहे. जगाच्या बाजारात तो बसत नाही, शुभवर्तमानात मात्र बसतो.

‘आपण कॅथलिक, आपल्याला याची काय गरज?’

हा प्रश्न काही जण मनापासून विचारतात. पापनिवेदन आहे, मिस्सा आहे, जपमाळ आहे. मग अनोळखी लोकांत जाऊन आपली लक्तरे का टांगायची? तिथे येशूचे नाव घेत नाहीत, मग तो दुसरा धर्म तर नाही ना?

ए.ए. हा धर्म नाही. तिथे हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, देव न मानणारेही बसतात, आणि ज्याला जसा देव उमगला त्याच्याकडे तो वळतो. आपण तिथे आपला येशू मनात घेऊन जावे. त्या बारा पायऱ्या नीट पाहिल्या तर आपल्याला त्या परक्या वाटणार नाहीत. आपण असमर्थ आहोत हे कबूल करणे, देवाच्या स्वाधीन होणे, सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करणे, आपल्या चुका देवापुढे आणि एका माणसापुढे उघड करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, प्रार्थना करणे आणि दुसऱ्याला हात देणे. पाचव्या पायरीसाठी कोणाला धर्मगुरूंकडे यायचे असेल तर दार उघडे आहे. पण हेही लक्षात ठेवावे, की पापनिवेदनात पापाची क्षमा मिळते आणि दारूची ओढ हा आजार आहे. पाय मोडला तर आपण पापनिवेदनही करतो आणि प्लास्टरही घालतो. कृपा निसर्गाला मोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते, ही संत थॉमस अक्विनास यांची शिकवण इथे नेमकी लागू पडते. सवयीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षाही मान्य करते.

आपल्या ख्रिस्तसभेतील माणसे या कामात पहिल्यापासून आहेत. अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ साली डॉ. बॉब यांच्याबरोबर दारूच्या रुग्णांना खाटा दिल्या. त्या काळी अशा रुग्णांना रुग्णालयाचे दार बहुधा बंदच असे. बरे होऊन जाणाऱ्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे एक छोटे चिन्ह देत आणि वचन घेत, की पुन्हा पहिला घोट घेण्याआधी हे मला परत आणून द्यायचे. इकडे मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः या आजारातून बाहेर आले होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झगा घातला म्हणून या आजारातून कोणी सुटत नाही. सुटतो तो कबूल केल्याने.

कोणी म्हणेल, डब्लिनचे पूज्य मॅट टॅल्बट यांनी कोणत्याही गटाशिवाय दारू सोडली. खरे आहे. १८८४ साली त्यांनी प्रतिज्ञा घेतली तेव्हा ए.ए. नव्हते. पण त्यांनी पहिली प्रतिज्ञा फक्त तीन महिन्यांची घेतली, दारूच्या दुकानाकडे पाय वळू नयेत म्हणून खिशात पैसे ठेवणे बंद केले, रोज मिस्सेला जाऊ लागले आणि पुढे संत फ्रान्सिस यांच्या तृतीय संघात सामील झाले. तेही एकटे राहिले नाहीत.

आपला गट कसा ओळखावा?

आता व्यवहाराचे बोलू. एखादा भाऊ धीर करून एका सभेला जातो. तिथे इंग्रजी बोलतात, त्याला नीट कळत नाही. किंवा कंपनीतला ओळखीचा माणूस दिसतो आणि तो दारातूनच परततो. घरी येऊन सांगतो, जाऊन आलो, माझ्या कामाचे नाही. बंधूंनो, एका वैद्याचा गुण आला नाही म्हणून आपण वैद्यकी सोडत नाही. एका गटावरून सगळ्या गटांचा निकाल लावू नये. वेगवेगळ्या चार-सहा सभांना बसावे, मग ठरवावे.

पहिले, भाषा पाहा. ज्या भाषेत आपण रडतो आणि भांडतो, त्या भाषेत बोलता आले पाहिजे. आपल्या धर्मग्रामात मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ घरे आहेत. ज्याला जी जवळची, ती त्याने शोधावी.

दुसरे, वेळ आणि अंतर पाहा. वाळूजला रात्रपाळी असणाऱ्याला संध्याकाळी सातची सभा कितीही चांगली असली तरी निरुपयोगी. जिथे पाऊस असताना आणि कंटाळा आलेला असतानाही पोहोचता येईल, ती सभा खरी. वैजापूर, गंगापूर, पैठणकडील बांधवांनी हेही लक्षात घ्यावे, की २०२० च्या टाळेबंदीपासून ए.ए.च्या सभा फोनवर, ऑनलाइनही भरू लागल्या. त्या काही नसण्यापेक्षा पुष्कळ बऱ्या. पण जमेल तेव्हा समोरासमोर बसावे. तोंडाचा वास फोनवर येत नाही.

तिसरे, सभेचा प्रकार समजून घ्या. ‘बंद’ सभेला ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तोच बसतो. ‘खुल्या’ सभेला घरचे लोक, मित्र, धर्मगुरू कोणीही जाऊ शकतो. पहिल्यांदा भीती वाटत असेल तर खुल्या सभेला कोणाला तरी सोबत घेऊन जावे. सुरुवातीला बोललेच पाहिजे असे नाही, नुसते ऐकले तरी चालते. आडनाव कोणी विचारत नाही.

चौथे, काही खुणा तपासा. ए.ए.त सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नसते. शेवटी टोपली किंवा थैली फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावे. जिथे प्रवेशासाठी पैसे मागतात, औषध विकतात, मत मागतात, किंवा एकाचे बोलणे दुसऱ्या दिवशी गल्लीत ऐकू येते, तिथून उठावे. जिथे वर्षानुवर्षे न पिणारे चार जण आहेत, जिथे पडून परत आलेल्याला कोणी हिणवत नाही, जिथे लोक आपल्याच फजितीवर हसू शकतात, तिथे बसावे. त्यांच्यातला एखादा जुना, स्थिर माणूस निवडून त्याचा फोन नंबर घ्यावा. ओढ रात्री अकराला लागते, तेव्हा सभा नसते. तेव्हा तो नंबर असतो.

पाचवे, भगिनींविषयी. स्त्रियांनाही हा आजार होतो आणि त्यांना तो दुप्पट लपवावा लागतो. पुरुषांनी भरलेल्या खोलीत संकोच वाटत असेल तर स्त्रियांची सभा किंवा स्त्री सोबती मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

आणि ओळखीच्या माणसाची भीती? तो तिथे आपल्याला पाहायला आलेला नसतो. जे दुखणे आपले, तेच त्याचे. दहा कुष्ठरोग्यांपैकी कोणी दुसऱ्याला म्हणाले नसेल, की अरे, तूही इथे?

या सभांचा उपयोग होतो का, अशी शंका शिकलेल्या मंडळींना असते. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार सातत्याने दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रचलित समुपदेशनापेक्षा सरस ठरले.

सावधानतेचे दोन शब्द

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे आणि मनाच्या त्रासासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. सभेला जाऊ लागलो म्हणून डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरे, ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. चहात, भाजीत मिसळून काही देऊ नका. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस दगावू शकतो. शिवाय फसवून कोणाला मुक्त करता येत नाही. प्रभूनेही बेथेस्दाच्या त्या माणसाला आधी विचारले.

घरच्यांनीही आपला गट शोधावा

दारू एक जण पितो, झिंगते सगळे घर. पत्नी, आई, मुले यांच्यासाठी ‘अल-अनॉन’च्या सभा असतात, १९५१ साली त्या सुरू झाल्या. पुण्यातील ‘मुक्तांगण’ हे केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. नवरा सभेला जात नसेल तरी बाईने जावे. त्याची उसनवारी फेडणे, त्याच्या कंपनीत खोटे निरोप देणे, त्याच्या पिण्याचा दोष स्वतःवर घेणे, हे ओझे ती तिथे खाली ठेवायला शिकते. मार खाऊन गप्प बसणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. जिवाला धोका असेल तर आधी सुरक्षित जागी जावे, प्रार्थना तिथूनही ऐकली जाते.

आणि आपण सर्वांनी काय करावे? हळदीच्या, साखरपुड्याच्या, नाताळच्या पंगतीत नको म्हणणाऱ्याला ‘एकाने काय होते’ असे म्हणू नये. त्याच्यासाठी तो एकच सगळे असतो. जो सभेला जातो त्याचे नाव दुसऱ्याला सांगू नये. कोणी कम्युनियन घेण्याच्या वेळी फक्त पवित्र भाकर स्वीकारली, तर त्याकडे वळून पाहू नये. त्या एका रूपातही प्रभू संपूर्ण आहे.

शेवटी पुन्हा त्या दहा जणांकडे. प्रभूने त्यांना जागेवर बरे केले नाही. जा आणि याजकांना दाखवा, एवढेच सांगितले. ते निघाले तेव्हा त्यांच्या अंगावर रोग तसाच होता. चालता चालता ते शुद्ध झाले. बरे वाटल्यावर सभेला जाईन, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. आधी पाऊल, मग गुण. आणि पाऊल दहा जणांसोबत.

एक जण परत आला. दारू सुटल्यावर गटाकडे पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. आता मला गरज नाही, असे त्यांना वाटते. जो परत येतो, खुर्च्या मांडतो, चहा करतो, दारात घुटमळणाऱ्या नव्या माणसाला ‘या, बसा’ म्हणतो, त्याचा आभारस्तुतीचा यज्ञ तिथे चालू असतो. शुद्ध दहाही जण झाले. तुझ्या विश्वासाने तुला तारले, असे मात्र प्रभू त्या परतलेल्यालाच म्हणाला.

या आठवड्यात आपल्यापैकी एकाने जरी पहिले पाऊल टाकले आणि एकाने जरी त्याच्यासोबत जायची तयारी दाखवली, तरी आजचे शुभवर्तमान आपल्या धर्मग्रामात खरे झाले असे मी म्हणेन. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी मिस्सेनंतर किंवा कोणत्याही संध्याकाळी यावे. ऐकलेले माझ्यापाशीच राहील.

हे प्रभू येशू, दूर उभे राहून तुला हाक मारणाऱ्यांची हाक तू ऐकलीस. जे आज लाजेने दूर उभे आहेत त्यांना सोबती दे, जे सोबत आहेत त्यांना धीर दे, आणि आम्हा सर्वांना एकमेकांचा माणूस कर. आमेन.

– आपले धर्मगुरू